वाचक विचारतात : तिबेटीत “आहे” नक्की किती?

प्रश्न : मी नागपूरला राहते. थंडीत इथे तिबेटी स्वेटरवाल्यांचा बाजार लागतो, तिथल्या एका ताईंशी चार-पाच वर्षांची ओळख आहे, त्या गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावच्या वसाहतीतल्या. त्यांच्याशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून ऑनलाइन तिबेटी शिकतेय. माझ्या नोट्समध्ये लिहिलंय की “मी” असेल तर यिन आणि बाकी सगळ्यांना रे, दोन्हीचा अर्थ “आहे”. पण ताईंनी मुलीची ओळख करून दिली ती “दी ङे पुमो यिन” अशी, म्हणजे ही माझी मुलगी. आणि स्वतःचं डोकं दुखत होतं तेव्हा तिसराच शब्द आला, दुक. मग नियम काय समजायचा? आणि तिबेटीत म्हणे आपल्याला एखादी गोष्ट कशी कळली ते क्रियापदातच सांगावं लागतं, खरंय का हे?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : खरंय. आणि गंमत बघा, तुम्ही स्वतःच “तिबेटीत म्हणे” असं लिहिलंय, म्हणजे ऐकीव आहे हे एका शब्दात सांगून मोकळ्या झालात. पण तो “म्हणे” काढला तरी आपलं वाक्य उभं राहतं. तिबेटीत, निदान ल्हासाच्या बोलीत आणि तिच्यावर बेतलेल्या आपल्याकडच्या निर्वासितांच्या बोलीत, असं काही सोडून देता येत नाही, कारण वाक्य संपतं तेच मुळी कसं कळलं ते सांगणाऱ्या खुणेवर.

पावसाचं उदाहरण घेऊ. छारपा म्हणजे पाऊस. “छारपा तांग सोंग” म्हणजे पाऊस पडला आणि पडताना मी स्वतः बघितला. सकाळी दार उघडलं, अंगण ओलं, पागोळ्या टपकतायत, पण रात्रभर तुम्ही झोपेत, तर “छारपा तांग शा”, म्हणजे पडून गेलेला दिसतोय. आणि तिकडे पाऊस झाला ही नुसती पक्की माहिती म्हणून सांगायचं असेल तर “छारपा तांग-पा रे”. मराठीत तिन्ही वेळा “पाऊस पडला” म्हटलं तरी कोणी अडवत नाही. तिथे मात्र झोपून उठलेला माणूस सोंग म्हणाला तर ऐकणारा विचारणारच, तू जागा होतास का?

हे शब्द आले कुठून तेही बघण्यासारखं आहे. सोंग हे “जाणे”चं भूतकाळी रूप, म्हणजे “गेला”, आणि आपणही “पडून गेला” म्हणतोच की. शा हे “ठेवणे”तून आलंय, काहीतरी मागे ठेवून गेलंय आणि आपण ते बघतोय. दुकचा जुना अर्थ बसणे, राहणे. जुन्या तिबेटी लेखनात हे शब्द साध्या क्रियापदांसारखेच येतात, साक्षीदाराचं काम त्यांच्या अंगावर नंतर हळूहळू आलं.

आता तुमचा नियम. “मी = यिन” हे शिकवायला सोपं पडतं म्हणून शिकवतात, पण त्याने पुढे फार घोळ होतो आणि मला ते मनापासून खटकतं, कारण प्रश्न “मी की तो” असा नाहीच, प्रश्न आहे की ही गोष्ट तुम्हाला आतून माहितीये की बाहेरून. स्वतःची मुलगी ही ताईंच्या आतल्या गोष्टींत येते, तिची माहिती काढावी लागत नाही, म्हणून यिन. शेजारणीच्या मुलीला रे. आणि रे म्हणजे शंका असंही समजू नका, रे अगदी ठाम असतं, फक्त त्यात आपलेपणाचा हक्क नसतो.

डोकं मात्र स्वतःचंच, मग दुक का? कारण दुखणं आपण करत नाही, ते आपल्याला जाणवतं, आणि जे बघून किंवा जाणवून कळलं त्याला दुक. “गो ना-गी दुक”, डोकं दुखतंय. भूक लागली तरी दुकच. आपणही “मी भुकतो” म्हणत नाही, “मला भूक लागली” म्हणतो, त्यामुळे मराठी माणसाला हे पटकन समजायला हवं.

मला सगळ्यात आवडतं ते पैशाचं उदाहरण. “ङाला ङू यो” म्हणजे माझ्याकडे पैसे आहेत, मला ठाऊकच आहे. पण मागच्या हिवाळ्यातलं जॅकेट काढलं, खिशात हात घातला आणि घडी घातलेली नोट हाताला लागली, तर “ङाला ङू दुक”, अरे, आहेत की माझ्याकडे! पैसे तेच, खिसा तोच, बदललं ते एवढंच की हे मला आत्ता कळलं. अशाच वाक्यांचा आधार घेऊन स्कॉट डिलॅन्सी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1997 मध्ये मांडलं की नव्याने, अनपेक्षित कळणं हा व्याकरणातला वेगळाच कप्पा मानायला हवा, आणि त्यावर अभ्यासकांत भरपूर वाद झाले.

कपाचंही तसंच. “ङे कार्यो चाक-पा यिन” म्हणजे मी कप फोडला, मुद्दाम. चुकून फुटला असेल तर शेवटी सोंग, जणू स्वतःच्या हातून घडलेलं आपण बाजूला उभं राहून बघितलं. “मी फोडला” आणि “माझ्याकडून फुटला” यातला फरक आपल्या घराघरात लहान मुलांनाही कळतो, तोच हा.

बोलताना सगळे अडखळतात ते प्रश्न विचारताना. तिबेटीत प्रश्नाला समोरच्याच्या उत्तराचा शेवट लावायचा असतो. ताईंना “तुम्ही तिबेटी का?” विचारायचं तर “ख्येरांग बोपा यिन-पे?”, कारण त्या यिन म्हणणार. तुमच्या नोट्सप्रमाणे गेलात तर “तुम्ही” म्हणून रे लावून बसाल. म्हणजे तोंड उघडायच्या आधी समोरच्याला ते कसं माहीत असेल याचा विचार करावा लागतो, आणि हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, घाई करू नका.

आणि तुमच्या “म्हणे”ला तिथे जोडीदार आहे, वाक्याच्या अगदी शेवटी लागणारा से, “म्हणणे”वरूनच आलेला. तो आधीच्या खुणेला पुसत नाही, तिच्यावर चढतो.

लडाखला गेलात तर कान उघडे ठेवा, तिथली बोली याच कुळातली पण तिने आणखी एक भाग पाडलाय. डोळ्यांनी दिसलं तर दुक, आणि स्पर्श, चव, वास, आवाज यांतून कळलं तर राक. म्हणून लेहला सकाळी गरम पाण्याची बादली घेऊन येणारा माणूस हात चोळत “तांगमो राक” म्हणतो, थंडी आहे, कारण थंडी दिसत नाही, लागते.