घोड्याच्या पायाची नस बधिर करून लंगडणं तपासतात, म्हणजे नेमकं काय करतात? त्यात घोड्याला धोका आहे का?

तुम्ही लिहिलंय की पाचगणीत टेबललँडवर सवारीला असलेला घोडा पुढच्या डाव्या पायाने लंगडतोय, खुरात काही दिसत नाही आणि डॉक्टर ‘नस बधिर करून बघू’ म्हणालेत. पाय कायमचा लुळा पडेल, ही तुमची भीती.

तसं होत नाही. नस, म्हणजे संवेदना वाहून नेणारा मज्जातंतू, कापण्याची शस्त्रक्रिया वेगळी. इथे फक्त 2 टक्के लिग्नोकेन टोचतात. दाढ काढताना हिरडीत देतात तेच औषध. त्याचा परिणाम तास-दीड तासात उतरतो. शिवाय घोड्याच्या गुडघ्याखाली हालचाल करणारे स्नायू जवळपास नसतातच, सगळं काम वरून येणाऱ्या कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या) करतात. त्यामुळे जाते ती संवेदना, ताकद नाही.

हा उपचार नाही, तपासणी आहे. दुखणारा भाग बधिर झाला की घोडा नीट चालू लागतो आणि दुखणं कुठे आहे ते कळतं. म्हणून सुरुवात नेहमी खालून. आधीच वरची नस बधिर केली तर तिच्याखालचं सगळंच बधिर होतं आणि दिवस वाया जातो.

पण सुई हातात घेण्याआधी चिमट्याने खूर दाबून पाहायलाच हवा. खूर गरम लागतोय, फेटलॉकच्या (खुराच्या वरच्या, घोट्यासारख्या सांध्याच्या) मागची नाडी जोरात उडतेय, तर खुरात पू किंवा नालेचा खिळा आत लागलेला असण्याची शक्यता मोठी. आणि घोडा पाय टेकवतच नसेल किंवा हाडाला चीर असल्याचा संशय असेल, तर बधिर करूच नये, आधी एक्स-रे. दुखणं थांबलं की घोडा पूर्ण भार देतो आणि चिरेचं अख्खं हाड मोडतं. या पद्धतीतला खरा धोका मला हाच वाटतो.

पहिलं इंजेक्शन टाचेच्या वर, खुराच्या बाजूच्या कूर्चेच्या अगदी वरच्या कडेला. तिथे बोटाला शीर, धमनी आणि नस अशी ओळ लागते. नस सर्वांत मागे, कंडरेच्या कडेला. जागा स्वच्छ धुऊन स्पिरिटने पुसायची. 25 गेजची, 16 मिलिमीटरची सुई सिरिंज न लावता, टोक खुराकडे ठेवून टोचायची. घोडा पाय झटकतो तो याच क्षणी. सिरिंज जोडलेली असेल तर सुई वाकते, औषध सांडतं. रक्त येत नाही हे पाहून दोन्ही बाजूंना दीड-दीड मिली. औषध जास्त दिलं किंवा जागा वर सरकली तर वरचा सांधाही बधिर होतो. अ‍ॅड्रिनलिन मिसळलेलं लिग्नोकेन इथे नको. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि कातडी सडू शकते, म्हणून बाटलीवरचं लेबल वाचावं.

5 ते 10 मिनिटांनी टाचेच्या मांसल भागावर पेनाच्या बोथट टोकाने दाबून बघतात. हे पलीकडच्या बाजूने हात घालून करावं, नाहीतर घोडा हात पाहूनच पाय उचलतो. मग डांबरी रस्त्यावर सरळ दुडकी. डोळा मानेवर ठेवा: दुखरा पाय टेकताना मान वर जाते, चांगला टेकताना खाली. बरेच जण हे उलटं धरतात आणि भलत्याच पायाच्या मागे लागतात. आधीचा आणि नंतरचा व्हिडिओ त्याच रस्त्यावर काढला तर वाद उरत नाही.

लंगडणं पुष्कळ कमी झालं तर दुखणं खुरात. पण लगेच ‘नेव्हिक्युलर’ (खुरातल्या मागच्या छोट्या हाडाचं दुखणं) म्हणून मोकळं होऊ नये. या इंजेक्शनने तळवा आणि खुरातला सांधाही बधिर होतो. कधी डावा सुधारतो आणि उजवा लंगडू लागतो. इंजेक्शन चुकलेलं नसतं, दुखणं दोन्ही पायांत असतं. जांभ्याच्या कडक सड्यावर रोज चालणाऱ्या घोड्यात मी ही शक्यता आधीच धरून चालेन.

फरक पडलाच नाही तर पुढचं इंजेक्शन फेटलॉकच्या मागच्या दोन छोट्या हाडांच्या बाहेरच्या कडेला, दोन्हीकडे 2 ते 3 मिली. त्याच्याही वरचा भाग बधिर करायचा तर चार जागी टोचावं लागतं आणि सुई कंडरेच्या आवरणात किंवा सांध्यात शिरण्याची भीती असते. तिथे स्वच्छतेत जराही कसूर झाली तर सांध्यात पू होतो.

तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्यात. वेदनाशामक दिलं असेल तर कधी दिलं ते सांगा. लंगडणंच दबलेलं असेल तर तपासायचं काय? आणि धनुर्वाताची लस झाली नसेल तर करून घ्या, घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो.

तपासणीनंतर त्या दिवशी सवारी बंद. बधिर पायाला दगड कळत नाही, घोडा अडखळतो, वर माणूस बसलेला असतो. एक्स-रेसाठी डॉक्टरांना शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाबद्दल विचारा, ते आपल्याच जिल्ह्यात आहे. सुई मात्र नोंदणीकृत पशुवैद्यानेच लावावी, नालबंदाने नाही.