विचारा, सांगतो : दोन तोंडांचा गरुड

प्रश्न : मुलाने बास्केटबॉलची पिवळी-काळी जर्सी मागवलीय. तिच्यावर दोन तोंडांचा गरुड आहे. कुठला संघ हा?
– एक वाचक, परभणी

उत्तर : ताई, हा ग्रीसचा ‘एईके अथेन्स’. त्यातला ‘के’ कॉन्स्टँटिनोपलचा, म्हणजे आजच्या इस्तंबूलचा. तिथून उखडून आलेल्या ग्रीक निर्वासितांनी १९२४ साली हा क्लब काढला. तिथल्या जुन्या बायझंटाईन साम्राज्याचा गरुडही सोबत आणला. आपल्याकडे किल्ल्यांच्या दरवाजावर गंडभेरुंड असतो ना, तसाच दिसतो.

मला भारी वाटते ती ४ एप्रिल १९६८ ची रात्र. कप विनर्स कपची फायनल, समोर प्रागचा स्लाव्हिया. १८९६ चं ऑलिंपिक झालेल्या संगमरवरी स्टेडियममध्ये, उघड्यावर सामना. आत जवळपास ८० हजार माणसं! बास्केटबॉलला! (बीडला आमच्या रिंगला जाळीसुद्धा नव्हती. बॉल आतून गेला की बाहेरून, यावरच निम्मा वेळ भांडण.) एईकेने ८९-८२ ने जिंकलं, ग्रीक क्लबचा तो पहिला युरोपियन कप. पुढे २०१८ मध्ये चॅम्पियन्स लीगही घेतली.

आणि हो, जर्सी उलटी करून धुवा. छापलेला गरुड लवकर उडतो.