मळ्यातला लॉफ्ट आवडला, पण लिस्बनच्या बहिणीची सही नाही, सेल डीड करू का?

म्हापशाच्या एका ताईंचा प्रश्न आहे, आधी थोडक्यात सांगतो. पणजीत मळा-फोंतेन्हासमधलं एक जुनं पोर्तुगीजकालीन घर एका डेव्हलपरने नीट करून त्यात सहा लॉफ्ट (उंच छताखालची मोकळी घरं) काढलेत. त्यातला वरचा एक ताई आणि त्यांच्या मिस्टरांनी १ कोटी ७० लाखांना ठरवला आणि नोटरी केलेल्या एमओयूवर (प्राथमिक करारावर) २० लाख दिले. घर मूळ आजोबांच्या नावावर, ते आणि आजी जाऊन बरीच वर्षं झाली, मागे चार मुलं. मडगावच्या मुलाने डेव्हलपरला पॉवर ऑफ अटर्नी (आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार) दिलीये, एक बहीण तयार आहे, एक भाऊ वारलाय, आणि लिस्बनला असलेल्या धाकट्या बहिणीच्या वकिलाची आता ताईंनाच नोटीस आलीये की माझ्या संमतीशिवाय हे घर कोणी विकू शकत नाही. डेव्हलपर म्हणतो घरगुती भांडण आहे, मिटेल, तुम्ही महिनाअखेर सेल डीड (खरेदीखत) करा नाहीतर टोकन जप्त. तर सही करावी का, आणि नाही केली तर २० लाख गेले का?

ताई, सही करू नका. आणि २० लाख असे सहज जप्त होत नाहीत, त्याकडे खाली येतो.

जीव का अडकलाय ते समजतं मला. जाड चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, जुन्या लाकडी तुळया उघड्या ठेवून त्याखाली केलेला मेझनाइन (मधला अर्धा मजला), दोन पावलांवर आर्ट गॅलऱ्या, डिसेंबरात सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हलमुळे अख्खी पणजी चित्रांनी भरलेली. २०१६ पासून हा फेस्टिव्हल सुरू झाल्यावर या भागाची बाहेरच्यांना ओढ अजूनच वाढलीये आणि दरही तसेच. पण घर कितीही सुंदर केलं तरी त्याने टायटल, म्हणजे मालकीहक्क, सुधरत नाही, ती दोन वेगळी कामं आहेत आणि डेव्हलपरने यातलं एकच केलंय.

आता मुद्द्याचं. गोव्यात वारसा आणि नवराबायकोची मालमत्ता याला महाराष्ट्रातले नियम लागत नाहीत. मुळात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा, आणि वारसाहक्कापुरता आता २०१२ चा गोवा सक्सेशन, स्पेशल नोटरीज अँड इन्व्हेंटरी प्रोसिडिंग कायदा, जो २०१६ मध्ये अंमलात आला. यात दोन गोष्टी तुमच्या कामाच्या. एक, वाटणी होईपर्यंत प्रत्येक वारसाकडे फक्त अख्ख्या इस्टेटीतला अविभाजित हिस्सा असतो, म्हणजे मडगावचा भाऊ स्वतःचा हिस्सा फार तर देईल पण "वरच्या मजल्यावरचा डावीकडचा लॉफ्ट" हा त्याचा नाहीच, मग तो डेव्हलपरला पॉवर देऊन तुम्हाला कसा विकणार? पॉवर देणाऱ्याकडे जेवढं आहे तेवढंच पॉवर घेणाऱ्याकडे येतं. दोन, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर इथे नवराबायकोची मालमत्ता सामायिक, वारशाने आलेली सुद्धा. म्हणजे हयात असलेल्या तिन्ही भावंडांच्या सह्या मिळाल्या तरी पुरत नाही, त्यांच्या बायका आणि नवरे सुद्धा लागतात, आणि वारलेल्या भावाची बायको नि मुलं पण. पुण्यामुंबईकडून घर घ्यायला आलेली माणसं इथेच फसतात, "जावयाचा काय संबंध" म्हणतात. इथे असतो संबंध. लिस्बनला लग्न झालेल्या बहिणीचं कोणत्या पद्धतीने झालं ते वेगळं बघावं लागेल.

डेव्हलपरने तुम्हाला दाखवलेलं डीड ऑफ सक्सेशन मी वाचलं, त्यात चारही मुलांची नावं बरोबर आहेत, पण त्याने फक्त वारस कोण ते ठरतं, कोणाला काय मिळालं ते नाही. त्यासाठी सगळ्यांच्या सह्यांचं पार्टिशन डीड (वाटणीपत्र) तरी हवं किंवा कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे इस्टेटीची यादी करून वाटणी. आणि इन्व्हेंटरीत काय होतं ते लक्षात घ्या, ज्या घराचे तुकडे होत नाहीत त्यावर वारस आपसात बोली लावू शकतात, जो जास्त बोलतो त्याला घर आणि बाकीच्यांना त्यांच्या हिश्श्याचे पैसे. उद्या त्या धाकट्या बहिणीने बोलीत अख्खं घर घेतलं तर तुमचा लॉफ्ट त्यातच गेला, मग तुम्ही इटालियन किचन बसवलं असो की नसो.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे तुम्हाला नोटीस मिळालीये. त्याआधी सही केली असती तर निदान "आम्ही प्रामाणिकपणे, चौकशी करून घेतलं" एवढा बचाव मांडता आला असता, आता तोही नाही कारण वाद माहीत असून घेतलं असं होतं. बहिणीने दावा लावला आणि तो चालू असताना तुम्ही घेतलं तर दाव्याचा जो निकाल लागेल तो तुम्हालाही बांधील. म्हणून डेव्हलपरला घाई आहे, तुम्हाला ती करायचं कारण नाही.

टायटल सुटलं तरी मेझनाइनचा प्रश्न राहतोच. फोंतेन्हास संवर्धन क्षेत्रात येतं, तिथे दर्शनी भाग, छप्पर, उंची याला हात लावायचा तर नियोजन प्राधिकरण आणि संवर्धन समितीची मंजुरी लागते, शिवाय महापालिकेचं लायसन्स. मंजूर नकाशा मागा आणि त्यावर तुमचा मेझनाइन दाखवलाय का ते स्वतः बघा. तुम्ही पाठवलेल्या ब्रोशरमध्ये तो धरून १४० चौरस मीटर लिहिलेत, एमओयूत मात्र क्षेत्रफळाचा उल्लेखच नाही, हे मला अजिबात आवडलेलं नाही. नकाशात नसेल तर तुम्ही बेकायदा मजल्याचे पैसे देताय. तो लोखंडी सांगाडा जुन्या चिऱ्याच्या भिंतीवर टेकवलाय का स्वतंत्र खांबांवर, याचा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी दाखला पण हवा. आणि खाली जे फोटोफ्रेमचं दुकान आहे म्हणालात तो जुना भाडेकरू असेल तर १९६८ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण त्याला आहे, मागच्या खोलीत कोणी पिढ्यान् पिढ्या राहत असेल तर मुंडकाराचा (मालकाच्या संमतीने त्याच्या जागेत राहत आलेल्याचा) हक्क निघू शकतो. सिटी सर्वेचा फॉर्म डी (मालमत्तेचा सरकारी उतारा) काढा, तिथे कोणाकोणाची नावं आहेत ते कळेल.

आता पैसे. टोकन जप्त करायचा हक्क खरेदीदाराने करार मोडला तर, तोही वाजवी मर्यादेत. इथे स्वच्छ टायटल द्यायची जबाबदारी विकणाऱ्याची आहे, ती त्याने पाळली नाही म्हणून तुम्ही थांबलात, हा करारभंग तुमचा नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार तुम्ही योग्य कारणाने नकार दिला तर आगाऊ दिलेल्या रकमेचा बोजा विकणाऱ्याच्या हिश्श्यावर राहतो, हे फार कमी लोकांना माहीत असतं. रेरात (बिल्डरांवरच्या नियंत्रणाच्या कायद्यात) १० टक्क्यांच्या वर रक्कम घ्यायची तर आधी रजिस्टर्ड करार लागतो, तुमचे २० लाख त्याच्या वर आहेत, पण फ्लॅट ८ पर्यंत असतील किंवा जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल तर प्रोजेक्ट रेरात नोंदवायची सक्ती नसते आणि डेव्हलपर तेच पुढे करणार. म्हणून मी तरी रेराच्या एकट्या भरवशावर राहणार नाही. ग्राहक आयोगात जा, तिथे दिलेल्या रकमेवर ठरतं, ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि मुदत २ वर्षांची.

सौदा टिकवायचाच असेल तर एकच मार्ग, सगळे वारस आणि त्यांचे जोडीदार सेल डीडवर विक्रेते म्हणून येऊ देत. लिस्बनहून पॉवर येणार असेल तर ती अपोस्टिल झालेली (परदेशात वापरासाठी तिथल्या सरकारने प्रमाणित केलेली) आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत स्टॅम्प ड्युटी भरलेली असावी. विकणाऱ्यांत कोणी अनिवासी असेल तर त्याच्या पैशातून कापायचा टीडीएस नेहमीच्या १ टक्क्याचा नसतो, बराच जास्त असतो आणि कापला नाही तर जबाबदारी तुमच्यावर येते, तेव्हा सीएला आधी विचारा. पण खरं सांगू का, बहीण वकील लावण्यापर्यंत आलीये म्हणजे हे महिनाभरात मिटणारं नाही, मी तुमच्या जागी असतो तर पैसे परत मागितले असते.

महिनाअखेरच्या आत डेव्हलपरला लेखी कळवा की नोटिशीची प्रत जोडली आहे, वाद मिटेपर्यंत सेल डीड करणार नाही, आणि १५ दिवसांत सगळ्या वारसांची संमती दाखवा नाहीतर २० लाख व्याजासकट परत करा. ईमेल आणि पोचपावतीसह स्पीड पोस्ट, दोन्हीने पाठवा. फोनवर काही कबूल करू नका आणि व्हॉट्सअॅपवरचे त्याचे मेसेज डिलीट करू नका, विशेषतः तो "मिटेल" म्हणालेला.