परवान्यावर नाव माझं, दुकानात मी नाही

(कृषी निविष्ठांची, म्हणजे बियाणं, खतं, कीटकनाशकं यांची दुकानं, परवाने आणि तपासणी यांबद्दलच्या वाचकांच्या प्रश्नांना या पानावर कृषी विभागातून निवृत्त झालेले एक गुणनियंत्रण निरीक्षक उत्तरं देतात.)

प्रश्न : मी बी.एस्सी. (कृषी) झाले तेव्हा वर्षभर नोकरी नव्हती. गावाकडच्या एका कृषी सेवा केंद्राच्या मालकांनी माझ्या वडिलांना विचारलं, 'ताईचं सर्टिफिकेट परवान्याला लावू द्या, महिन्याला दोन हजार देतो.' मी स्टॅम्प पेपरवर संमतीपत्र लिहून दिलं. आता मी पुण्यात नोकरीला आहे. चार वर्षांत त्या दुकानात दोनदा गेले असेन. गेल्या पंधरवड्यात तिथे भरारी पथक आलं आणि 'परवान्यावरच्या मॅडम कुठे आहेत?' म्हणून विचारलं. मालकांनी 'दवाखान्यात गेल्यात' असं सांगितलं आणि मला फोन करून बजावलं की कोणी विचारलं तर हेच सांग. वडील म्हणतात, सगळे असंच करतात. मला रात्री झोप लागत नाही. मी काय करू?
– एक वाचक, जि. वाशिम (नाव न छापण्याची विनंती)

उत्तर : ताई, आधी एक करा. मालकांनी फोनवर पढवलेलं ते वाक्य कोणालाही सांगू नका. आजवर जे झालं ते निस्तरता येईल. पण चौकशीत तुम्ही स्वतःच्या तोंडाने खोटं बोललात तर ते तुम्हाला निस्तरता येणार नाही.

तुमचे वडील म्हणतात ते खरं आहे, असं पुष्कळ चालतं. मी एकाच मुलीचं पदवी प्रमाणपत्र तीन तालुक्यांतल्या तीन दुकानांत फ्रेम करून लावलेलं पाहिलंय. म्हणूनच तुम्हाला नीट सांगायला हवं की ते नाव तिथे का मागितलं जातं. तुम्हाला ते दोन हजार रुपयांचं कागदी काम वाटलं, त्यात तुमचा दोष कमीच. पदवी देताना विद्यापीठात हे कोणी सांगत नाही.

१९५८ साली केरळ आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलेलं पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसं गेली. खाण्याचा माल आणि विष एकत्र वाहून नेल्यामुळे ते घडलं. पुढे १९६८ चा कीटकनाशके अधिनियम आला, १९७१ ची नियमावली आली. किराणा आणि कीटकनाशकं एका इमारतीत विकायला बंदी आहे ती तिथूनच. विकणाऱ्याच्या शिक्षणाची अट मात्र फार उशिरा, २०१५ च्या दुरुस्तीने आली. परवाना मागणाऱ्याकडे कृषी, जैवरसायन, जैवतंत्रज्ञान, जीवशास्त्र, किंवा रसायन-वनस्पती-प्राणिशास्त्रापैकी विषय घेऊन विज्ञानाची पदवी हवी, नाहीतर अशी पदवी असलेला माणूस त्याने नोकरीवर ठेवायला हवा. नीट वाचा, माणूस नोकरीवर ठेवायचा आहे. प्रमाणपत्र भाड्याने घ्यायची सोय त्यात कुठेच नाही.

आता मी जे पाहिलं ते सांगतो. २०१७ चा खरीप. यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर गेली होती. मजूर चायना पंप पाठीला लावून त्या जंगलात शिरायचा आणि फवारा त्याच्याच तोंडावर यायचा. मला दवाखान्यात पाठवलं होतं, कोणतं औषध आणि कुठून घेतलं याची माहिती गोळा करायला. एका खाटेवर पस्तिशीतला माणूस होता. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, तोंडातून लाळ चाललेली. डॉक्टर त्याच्या बायकोला पुन्हा पुन्हा विचारत होते, 'औषध कोणतं मारलं?' तिला नाव सांगता येईना. तिने पदराची गाठ सोडली आणि सिगारेटच्या पाकिटाचा आतला पांढरा पुठ्ठा माझ्या हातात दिला. त्यावर बॉलपेनाने तीन ओळी होत्या. मोनोक्रोटोफॉस ३० मिली, प्रोफेनोफॉस ३० मिली आणि खाली एका टॉनिकचं नाव, एक झाकण. सगळं एकाच पंपात. बिल नव्हतं.

ताई, तुम्ही कीटकशास्त्र शिकलात. मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस दोन्ही ऑरगॅनोफॉस्फेट. एकाच गटाचं विष दोनदा घातलं तर बोंडअळी दुप्पट मरत नाही, पण पंप वाहणाऱ्या माणसाच्या शरीरावर दुप्पट मार बसतो. पदवीच्या पोराला रात्री उठवून विचारलं तरी हे सांगेल. मी त्या दुकानात गेलो. परवाना दर्शनी भागात, फ्रेम चकचकीत. परवान्यावरचा तंत्रज्ञ दुसऱ्या जिल्ह्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होता. काउंटरवर बारावी नापास मुलगा. पुठ्ठ्यावरचं अक्षर त्याचंच. त्याने काही लपवलं नाही. म्हणाला, 'साहेब, सगळे हेच नेतात, मी हेच लिहून देतो.' त्या पोराचा मला आजही राग येत नाही. राग येतो तो त्या रिकाम्या खुर्चीचा. त्या खुर्चीत प्रमाणपत्रावरचा माणूस बसला असता तर पहिल्या दोन ओळींतली एक त्याने खोडली असती. मी विक्री बंद आदेश दिला, अहवाल पाठवला. खाटेवरचा माणूस वाचला, पण त्याच्या डाव्या डोळ्याची नजर पूर्वीसारखी झाली नाही.

म्हणून निरीक्षकाने 'मॅडम कुठे आहेत' हे विचारलं. तपासणीत साठा रजिस्टरशी खोकी जुळवली जातात, मुदतबाह्य माल वेगळा काढला जातो, कंपन्यांची उगम प्रमाणपत्रं, म्हणजे माल त्या कंपनीकडूनच आल्याचे दाखले, पाहिली जातात. ते सगळं लागतंच. पण माझ्या मते दुकानात पाय ठेवल्यावर विचारायचा पहिला प्रश्न तुमच्या दुकानात विचारला तोच आहे.

आता काय करायचं ते. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांच्या नावे, म्हणजे परवाना अधिकाऱ्यांना, साध्या कागदावर अर्ज लिहा. अमुक परवान्यावर तंत्रज्ञ म्हणून माझं नाव आहे, अमुक तारखेपासून मी दुसरीकडे नोकरीला आहे, दुकानात मी काम करत नाही, तरी माझी संमती मागे घेत आहे. एवढंच. मालकांवर आरोपांची यादी नको, स्वतःच्या सफाईची गोष्टही नको. पुण्यातल्या नोकरीच्या नेमणूकपत्राची प्रत जोडा. रजिस्टर पोस्टाने पाठवा किंवा समक्ष देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. एक प्रत मालकांना पाठवा. आजपासून ते दोन हजार घेऊ नका. आधी घेतलेल्यांबद्दल कोणी विचारलं तर घेतले असं सांगा.

मालकांना बहुतेक नोटीस येईल. महत्त्वाची माहिती खोटी देऊन परवाना घेतला किंवा परवान्याच्या अटी पाळल्या नाहीत, तर कीटकनाशके अधिनियमाच्या कलम १४ खाली तो निलंबित किंवा रद्द करता येतो. त्याआधी त्यांना म्हणणं मांडायची संधी मिळते, निर्णयाविरुद्ध ३० दिवसांत अपीलही करता येतं. त्यांनी खरोखरचा पदवीधर पगारावर ठेवला तर दुकान चालूच राहील. तुमच्या अर्जाने कोणाचं घर बुडत नाही, हे वडिलांनाही सांगा.

एक गोष्ट तुमच्याच शिक्षणाबद्दल. ब्राझीलमध्ये कृषी पदवीधराला कृषी अभियंता म्हणतात. १९६६ च्या कायद्याने स्थापत्य अभियंत्याच्या बरोबरीने त्याच्या व्यवसायाची नोंदणी होते आणि नोंदणी करणाऱ्या परिषदेचे निरीक्षक कामाच्या जागी जाऊन पाहतात की काम नोंदणी झालेल्या माणसाच्याच हातून होतंय ना. १९८९ पासून तिथे कीटकनाशक विकत घ्यायला अशा व्यावसायिकाच्या सहीची चिठ्ठी लागते. सही करणारा त्या पिकाला जबाबदार. आपल्याकडे तशी चिठ्ठी नाही. आपल्याकडे ती सिगारेटच्या पुठ्ठ्यावर लिहिली जाते. तुम्ही गावी परत आलात आणि रोज त्या काउंटरवर बसलात, तर माझ्याइतका आनंद कोणाला होणार नाही. पगार मात्र दोन हजार नव्हे, नीट मागून घ्या.

प्रश्न : वय ५४, शिक्षण बारावी. २६ वर्षं दुकान चालवतो. शेतकरी माझ्याकडे विश्वासाने येतात. पदवी नाही म्हणून माझा अनुभव फुकट का? शिवाय तपासणीला येणारे काही जण 'चहापाणी' मागतात, त्याचं काय?
– एक दुकानदार, जि. जालना

उत्तर : अनुभव फुकट नाही, आणि हैदराबादच्या 'मॅनेज' या कृषी विस्तार संस्थेने तो ओळखूनच २००३ मध्ये दुकानदारांसाठी 'देसी' पदविका सुरू केली. ४८ आठवडे, आठवड्यातून एक दिवस, शक्यतो बाजाराच्या सुट्टीला. आपल्या राज्यात ती नागपूरच्या 'वनामती' या प्रशिक्षण संस्थेमार्फत चालते, वर्ग कृषी विज्ञान केंद्रांत किंवा जिल्ह्याच्या 'आत्मा' या कृषी विस्तार यंत्रणेमार्फत भरतात. तुमच्या तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे आजच नाव नोंदवा. माझ्या ओळखीचे साठीचे एक गृहस्थ ती करून आले आणि म्हणाले, 'इतकी वर्षं औषधाच्या लेबलवरच्या त्रिकोणाचा रंग बघत होतो, अर्थ आता कळला.' लाल सर्वात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा.

चहापाणी देऊ नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल-फ्री क्रमांक १०६४ आहे. मी कृषी खात्यातलाच, तरी सांगतो, निःसंकोच लावा. तुमचे हक्क पाठ असू द्या. नमुना घेतला तर त्याचे तीन भाग तुमच्यासमोर सीलबंद व्हायला हवेत आणि एक तुमच्याकडे राहायला हवा. तो जपा. नमुन्याची किंमत मागता येते. प्रयोगशाळेचा अहवाल विरोधात आला तर प्रत मिळाल्यापासून २८ दिवसांत लेखी हरकत घेता येते. हे २८ दिवस पुष्कळ दुकानदार वकील शोधण्यात घालवतात. विक्री बंद आदेश एका वेळी ३० दिवसांहून जास्त मुदतीचा देता येत नाही. आणि पंचनाम्यावर वाचल्याशिवाय सही करू नका, कितीही घाई केली तरी.

प्रश्न : आम्ही शेतकऱ्यांनी दुकानदाराला त्याची पदवी विचारली तर चालतं का? तो रागावला तर उधारी बंद होते.
– एक शेतकरी, ता. दिग्रस

उत्तर : चालतं. भांडायचं नसेल तर परवाना भिंतीवर लागलेला असतो, तो वाचा आणि 'या साहेबांना भेटायचंय' एवढंच म्हणा. उधारीचा माल असला तरी उधारीचं बिल मिळायलाच हवं. त्यावर औषधाचं नाव आणि बॅच नंबर पाहून घ्या. फवारणीच्या दिवशी रिकामी बाटली लगेच फेकू नका. कोणाला गरगरलं, उलटी झाली, नजर धूसर झाली, तर त्याच्यासोबत ती बाटली दवाखान्यात न्या. लेबलवर उतारा छापलेला असतो.