"अकरावी सायन्सची मुलगी रात्री बादलीतल्या पाण्याचे आवाज रेकॉर्ड करत बसते, काय करू?"

ताई, नमस्कार.

सांगलीहून पाठवलेलं तुमचं पत्र आणि सोबतची लिंक दोन्ही मिळालं. थोडक्यात प्रश्न असा, की कॉलेजच्या फेस्टसाठी तुमच्या मुलीने आणि तिच्या तीन मित्रमैत्रिणींनी २०१९ च्या महापुरावरच्या एका सिनेमाचा ट्रेलर आणि पोस्टर बनवलं, सिनेमा असा नाहीच, फक्त ट्रेलर, त्याला बक्षीस मिळालं आणि आता ती म्हणते सायन्स सोडून आर्ट्सला जाते, मला डिरेक्टर व्हायचंय. बाबांचं म्हणणं जेईईचा क्लास चालू आहे तो पूर्ण कर. आणि तुम्ही मधे अडकलाय.

ट्रेलर मी तीनदा बघितला, त्यातला एकदा डोळे मिटून. कारण तुमच्या पत्रात एक ओळ होती जी तुम्ही तक्रार म्हणून लिहिलीय, की "आठ दिवस रात्री बाथरूममध्ये बादली, सासूबाईंची पितळी घागर आणि ओलं पोतं घेऊन मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करत होती, सगळ्या घराची झोपमोड". ताई, मला त्या ओळीपाशीच थांबायचंय. शूटिंग एकाने केलं, एडिटिंग दुसऱ्याने, पोस्टर तिसऱ्याने, आणि तुमच्या मुलीने कोणी न सांगता काय उचललं तर आवाज. ती डिरेक्टर म्हणतेय कारण सोळाव्या वर्षी सिनेमातलं तेवढं एकच पद माहीत असतं, पण हाताने जे केलंय ते साउंड डिझाइन आहे. पडद्यावरच्या हालचालींचे आवाज नंतर असे हाताने तयार करायचे याला फोली म्हणतात, ते रोजच्या रोज करून घर चालवणारी माणसं मुंबईत आहेत.

आणि तिने चांगलं केलंय हो. आपत्तीच्या सिनेमाचा ट्रेलर म्हटलं की मुलं धडाम धुडूम टाकतात, कुठून तरी उचललेलं मोठ्ठं म्युझिक टाकतात. हिने पाणी घरात शिरतं तिथे जवळजवळ शांतता ठेवलीय, लांब एक कुत्रं भुंकतंय आणि भांडं भिंतीला हलकं आपटतंय, बस. कृष्णेचं पाणी असंच येतं ना, डोंगरातल्या लोंढ्यासारखं गर्जत नाही, रात्रीतून गुपचूप पायरी पायरी चढतं. २०१९ ला ती दहा वर्षांची असेल, तिने ते ऐकलेलं आहे. हे शिकवून येत नाही.

आता मुद्द्याचं, आणि हे तिला आजच सांगा. आर्ट्सला जाऊ नकोस, निदान फिजिक्स सोडू नकोस. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये, साउंड रेकॉर्डिंग आणि साउंड डिझाइनचा तीन वर्षांचा कोर्स आहे, त्याला कुठल्याही शाखेचं ग्रॅज्युएशन चालतं पण बारावीला फिजिक्स असावं लागतं. ही अट बरीच वर्षं आहे, तरी तेव्हाचं माहितीपत्रक बघूनच फॉर्म भरा. म्हणजे आज रागारागात स्ट्रीम बदलली तर पाच वर्षांनी नेमका हवा तोच दरवाजा बंद. जागा फार कमी, दहा-बाराच्या आसपास, एन्ट्रन्स देशभरातून, त्यामुळे पहिल्या प्रयत्नात नाही झालं तर आकाश कोसळलं असं मानू नका. रसूल पूकुट्टी, ज्यांना २००९ मध्ये साउंड मिक्सिंगचं ऑस्कर मिळालं, ते ह्याच संस्थेत साउंड शिकले. कोलकात्याच्या सत्यजित रे इन्स्टिट्यूटमध्येही साउंड आहे. दोन्ही सरकारी, त्यामुळे फी बऱ्याच खासगी फिल्म स्कूलपेक्षा आवाक्यातली.

बाबांना सांगा, जेईईचा हट्ट सोडला तरी सायन्स सुटत नाहीये. तिचं मन लागत नाही म्हणता, तर अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात ध्वनीवरचा अख्खा धडा आहे आणि बारावीला लहरींच्या अध्यारोपणाचा, ते दोन आधी वाचायला द्या, घागर अर्धी भरल्यावर आवाज का बदलतो ते तिला तिथे सापडेल. पुढे बीएस्सी फिजिक्स करून मग एन्ट्रन्स, हा रस्ता मला तिच्यासाठी सगळ्यात सरळ वाटतो.

पैशाचंही स्पष्ट लिहिते. सुरुवातीची काही वर्षं असिस्टंट म्हणून जातात, मुंबईत राहावं लागतं, पैसे कामागणिक मिळतात आणि उशिरा मिळतात. महिन्याच्या एक तारखेला पगार हे गणित इथे नाही, ते घरात बसून आत्ताच बोला. कामं मात्र फक्त सिनेमाची नसतात, जाहिराती, वेबसिरीज, डबिंग, गेम्स, पॉडकास्ट सगळीकडे आवाजाचा माणूस लागतो.

एक गोष्ट मला खटकली. ट्रेलरमध्ये सहा सेकंद खऱ्या पुराचा व्हॉट्सअपवरून आलेला व्हिडिओ वापरलाय, होडीत रडणाऱ्या बायका दिसतात. त्याच ऑगस्टमध्ये ब्रह्मनाळला होडी उलटून माणसं गेली, आणि ती घरं तुमच्या जिल्ह्यातलीच आहेत. त्या बायकांना कोणी विचारलं नाही, त्यांचे चेहरे बक्षिसासाठी वापरायचे नाहीत. तो शॉट काढा, तिथे काळा पडदा ठेवा आणि फक्त तिचा आवाज चालू द्या, मला खात्री आहे जास्त अंगावर येईल.

ह्या सुट्टीत तिला नवीन काही विकत घेऊन देऊ नका, बरा हेडफोन तेवढा द्या. ऑडॅसिटी हे आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्याच्यावर ह्याच ट्रेलरचा आवाज पुन्हा पहिल्यापासून करू दे, आणि एक वही ठेवू दे, कुठला आवाज, कुठे, किती अंतरावरून घेतला. पावसाळ्यात पाणी चढत असताना घाटावर रेकॉर्डिंगला अजिबात जायचं नाही, हे मात्र दटावून सांगा. बादली पुरे आहे.

आणि हो, ते पोस्टर कोणी केलं? सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळीची पट्टी, ४५ फुटांच्या धोक्याच्या पातळीला लाल रेघ, पाणी ५७ च्या वर, बाकी माणूस नाही की अक्षर नाही. "आयर्विनला किती फूट?" हे विचारत ज्यांनी ते दिवस काढले त्यांना दुसरं काही लिहायची गरजच नाही. त्या मुलाची की मुलीची वाट वेगळी आहे, बारावीनंतर डिझाइन शिकायचं तर यूसीड आणि एनआयडीच्या प्रवेशपरीक्षा असतात, त्या बारावीच्या वर्षातच सुरू होतात, म्हणून तयारी आत्तापासून करावी लागते. त्याच्या घरच्यांना मला लिहायला सांगा, सविस्तर उत्तर देते.