पायांतले बळ आणि त्याचा वेग
रोज पाचशे बैठका मारूनही कुस्तीत पट काढताना, म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला पाडताना, आपला पाय उशिरा का उठतो, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. स्नायूला आपले पूर्ण बळ उभे करण्यास साधारण ०.३ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागतो आणि समोरचा मल्ल तेवढा अवधी देत नाही. म्हणून बळ किती आहे याइतकेच ते किती लवकर लागते याला महत्त्व आहे.

बैठका सोडू नका, पाया त्यांचाच आहे. मात्र आठवड्यातून दोन दिवस, अंग गरम झाल्यावर पण दमण्यापूर्वी, तालमीच्या मातीत पाच-पाच उड्यांचे तीनच फेरे घ्या आणि मध्ये दोन मिनिटे पुरती विश्रांती घ्या. किंचित दबून लगेच उसळा. खाली रेंगाळलात तर ताणलेल्या कंडरांतली (स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांतली) उसळी वाया जाते.

नवख्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे घाम गाळण्याच्या हौसेपोटी थकल्यावर उड्या मारणे. टाच धपकन आपटू लागली किंवा गुडघे आत वळू लागले की त्या दिवशी थांबा. रंकाळ्याकाठच्या फरशीवर हा सराव मुळीच नको. वजन घेऊन उड्या मारण्याचा विषय आपण तीन महिन्यांनी काढू.