वाचक विचारतात: लंकावीतल्या माहसुरीच्या कबरीवर जावं का?

प्रश्न: आम्ही जानेवारीत मलेशियाला चाललोय, मी, मिस्टर, दोन मुलं आणि सासूबाई. टूरवाल्याने लंकावीच्या दिवसात अर्धा दिवस 'माहसुरीची कबर' टाकलाय. सासूबाई म्हणतात सुट्टीत कुणाच्या कबरीवर कशाला, आणि ती पण शाप देऊन मेलेल्या बाईच्या. ते काढून बीचचा वेळ वाढवून घेऊ का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: काढू नका. फक्त एक करा, जायच्या आधी गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा, कारण मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काहीच माहिती नव्हतं आणि दहा मिनिटांत बघून बाहेर, वर उन्हाने डोकं उठलं ते वेगळंच. पांढऱ्या संगमरवराची एक छोटीशी कबर, भोवती बाग, संपलं. ताजमहाल वगैरे डोक्यात असेल तर निराशाच होणार. दुसऱ्या वेळी गोष्ट ऐकून गेलो तर तिथून पाय निघेना.

तर गोष्ट अशी. माहसुरीचे आईवडील फुकेटकडून पोटापाण्यासाठी लंकावीत आले. मुलगी देखणी आणि गुणाची, तिचं लग्न झालं वान दारूस नावाच्या लढवय्याशी (नावावर हसू नका, माणूस चांगला होता). तो मोहिमेवर गेला, ही तान्ह्या पोरासोबत घरी, आणि त्याच दरम्यान डेरामांग नावाचा एक फिरता गायक गावात आला आणि तिच्याकडे उतरला. झालं. गावच्या प्रमुखाची बायको वान माहोरा, तिच्या डोळ्यात ही आधीपासून सलत होती, काही लोक तर सांगतात की प्रमुखालाच माहसुरी दुसरी बायको म्हणून हवी होती. या वान माहोराने उठवून दिलं की माहसुरीचं त्या गायकाशी आहे. नवरा परत यायची वाट पण कोणी बघितली नाही, बांधली आणि मारायला काढली. कुठलंच हत्यार तिला लागेना, शेवटी तिनेच सांगितलं की आमच्या घरातलं क्रिस आणा (क्रिस म्हणजे मलायी लोकांचा नागमोडी पात्याचा खंजीर), त्याने मारा मला. आणि रक्त आलं ते पांढरं. म्हणजे बाई निर्दोष. मरता मरता ती म्हणाली, सात पिढ्या या बेटाचं भलं होणार नाही.

आता सासूबाईंसाठी. त्यांना विचारा, यवतमाळ जिल्ह्यातलं रावेरी ऐकलंय का? राळेगाव तालुक्यात आहे, तिथे सीतेचं मंदिर आहे, एकट्या सीतेचं. लोक सांगतात की रामाने टाकल्यावर सीता तिथे बाळंत झाली, गावात पसाभर गहू मागितला, कोणी दिला नाही, म्हणून तिने शाप दिला की इथे गहू पिकणार नाही. आणि गावकरी आजही सांगतात की संकरित बियाणं येईपर्यंत खरंच पिकत नव्हता. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी त्या मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी बरीच खटपट केली होती. सांगायचा मुद्दा, खोटा आळ घेतलेली बाई, तान्हं पोर, शाप आणि धान्य, हे सगळं आपल्याकडे पण आहेच, सासूबाई सीतेला हात जोडत असतील तर माहसुरीला घाबरायचं काय कारण? (आमची आई लंकावी म्हटल्यावर आधी लंकाच समजली होती, तो एक वेगळाच किस्सा.)

आणि शाप संपलाय हो. सात पिढ्या झाल्या. तिचा मुलगा आणि बाकीचे लोक परत फुकेटला गेले असं मानतात, आणि सातव्या पिढीतली मुलगी थायलंडमध्येच जन्मली, तिला नंतर लंकावीत पाहुणी म्हणून बोलावलं पण होतं. १९८७ मध्ये पंतप्रधान महाथीर यांच्या सरकारने बेट ड्यूटी फ्री केलं आणि मग हॉटेलं, एअरपोर्ट, सगळं धडाधड आलं. टॅक्सीवाला तुम्हाला हे दोन्ही एकाच वाक्यात सांगेल, शाप उठला आणि ड्यूटी फ्री झालं. त्यात आधी काय आणि नंतर काय हे त्याला विचारत बसू नका.

प्रश्न: पांढरं रक्त, हत्यार न लागणं, हे सगळं टुरिस्ट लोकांसाठी रचलेलं वाटतं. यात इतिहास किती? (एक वाचक, पुणे)

उत्तर: पुण्याहून हा प्रश्न येणार हे माहितीच होतं. रक्ताचं सोडा, ते लोककथेचं काम आहे. पण गोष्ट टुरिझमवाल्यांनी रचलेली नाही, ती त्यांच्या कितीतरी आधीची आहे. १९३० च्या दशकात तुंकू अब्दुल रहमान लंकावीत जिल्हा अधिकारी होते, हेच पुढे देशाचे पहिले पंतप्रधान झाले, त्यांनी ही दुर्लक्षित कबर शोधून नीट करून घेतली, तेव्हा तिथे कोणी पर्यटक फिरकत नव्हता. लोक असंही सांगतात की त्यानंतरच त्यांचं नशीब फळफळलं!

तिच्या मृत्यूचं साल १८१९ धरतात. आणि नोव्हेंबर १८२१ मध्ये सयामने, म्हणजे आजच्या थायलंडने, केदाह या मलायी राज्यावर हल्ला केला. हे मात्र पक्कं, कागदोपत्री. लंकावी केदाहच्या सुलतानाचंच. केदाहने सयामच्या राजाला ठराविक काळाने 'बुंगा मास' म्हणजे सोन्याचांदीची झाडं खंडणी म्हणून पाठवायची असा रिवाज होता, त्यावरून बिनसलं. सुलतान पळून पेनांगला इंग्रजांकडे गेला आणि सयामी लोक पुढची वीसेक वर्षं ठाण मांडून बसले. आता तुम्हीच सांगा, गावाने एका बाईला खोट्या आळावरून मारलं आणि दोन वर्षांत घरंदारं जळली, लोक परागंदा झाले, तर उरलेल्यांनी या दोन गोष्टी जोडल्या नसत्या तरच नवल. मला तरी वाटतं शाप असाच तयार झाला असणार, नंतर, मागे वळून बघताना. आणि एक गोष्ट मला फार आवडते, गावाने स्वतःची चूक लपवली नाही. शत्रू बलवान होता म्हणून आमचं वाटोळं झालं असं सांगता आलं असतं की, पण ते दोनशे वर्षं सांगतात काय, तर आम्ही निरपराध बाईला मारलं म्हणून झालं.

याच हल्ल्याची दुसरी खूण पाडांग मात्सिरातला आहे, एअरपोर्टच्या जवळच. 'बरास तरबाकार', म्हणजे जळका तांदूळ. सयामी सैन्याच्या हाती लागू नये म्हणून तांदळाचा साठा पेटवून दिला, आणि पाऊस पडून गेला की अजून जमिनीतून काळे दाणे वर येतात असं सांगतात. तिथे काचेआड ठेवलेत, आजूबाजूला कपड्यांची आणि खाऊची दुकानंच जास्त. दोनशे वर्षं तांदूळ कसा टिकेल असं तुम्ही विचारणारच, तर जळून कोळसा झालेलं धान्य कुजत नाही, आपल्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीचे जळके दाणे मिळालेत. काचेतले दाणे त्याच आगीतले का याची खात्री मी देणार नाही, पण अशक्य काही नाही. कबर आणि हा तांदूळ एकाच फेरीत करा, एक बघून दुसरं सोडलं तर गोष्ट अर्धी राहते.

प्रश्न: तिथे चादर, फुलं, उदबत्ती चालते का? आम्ही कुठल्याही दर्ग्यावर रिकाम्या हाताने जात नाही. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: तुमची भावना कळते, हाजी मलंगला जाणाऱ्या माणसाला हे अवघडच वाटणार, पण इथे रिकाम्या हातानेच जा. हा दर्गा नाही. माहसुरी कोणी पीर नव्हती, साधी घरातली सून होती, आणि मलेशियात कबरीला नवस बोलणं, पैसे टाकणं धार्मिक खात्याला अजिबात पसंत नाही. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला, कबरीला टेकून फोटो नको, मुलांना कट्ट्यावर चढू देऊ नका. शांतपणे दोन मिनिटं उभं राहिलात तर कोणी काही म्हणत नाही.

मलायी भाषेत कबरीला 'माकाम' म्हणतात आणि आपला 'मुक्काम' पण त्याच अरबी मुळातून आलाय. त्या आवाराला आता 'कोटा माहसुरी' म्हणतात, त्यातला कोटा म्हणजे आपला कोट. आत तिच्या नावाची विहीर आहे, लाकडाचं जुन्या पद्धतीचं मलायी घर आहे, छोटं म्युझियम आहे, तिकीट काढावं लागतं. कुआ गावापासून साधारण १२ किलोमीटर. बस नाहीत असंच समजून चला, ॲपवरची टॅक्सी मिळते किंवा गाडी भाड्याने घ्या, तिथे पण आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवतात. सकाळी लवकर जा, दुपारी नको, हे अनुभवाचे बोल.

प्रश्न: पुन्हा आम्हीच, नाशिकचे. सासूबाई तयार झाल्या! फक्त त्या शुद्ध शाकाहारी, तिथे खायचं काय?

उत्तर: वा! कुआ आणि चेनांग बीचवर भारतीय हॉटेलं आहेत, उपाशी राहणार नाहीत. बाकी ठिकाणी मात्र नुसतं 'व्हेज' म्हणून भागत नाही, भाजीत सुद्धा बलाचान घालतात, ती कोळंबीसारख्या बारीक जवळ्याची वाटून केलेली पेस्ट असते, वासावरून कळेलच. नासी लमाक घ्यायचा तर सांबल (मिरचीची चटणी) आणि सुके मासे नको म्हणून आधीच सांगा. नुसता भात नारळाच्या दुधात शिजवलेला असतो, आपल्या नारळी भाताचा बिनगोड भाऊ, आमच्या आईने तो तीन वेळा मागवला आणि वर घरून नेलेलं लिंबाचं लोणचं.